पहिल्या वर्षीचे पॉइंट्स बाजूला ठेवा, चुका बघा

प्रश्न असा आहे: एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू नंबरानं निवडतात त्यात, पोर्टलंडनं तिसऱ्या नंबरला घेतलेला स्कूट हेंडरसन पहिल्या हंगामात मॅचमागे १४ पॉइंट्स आणि ३८.५ टक्के शूटिंगवर राहिला. दुसऱ्या वर्षी पॉइंट्स आणखी घसरून १२.७ वर आले. त्याला ‘बस्ट’, म्हणजे फसलेली निवड, म्हणून मोकळं व्हायचं का? आणि एकूणच, वरच्या नंबरला आलेल्या पोराचं सुरुवातीला नेमकं काय बघायचं?

मोकळं होऊ नका, निदान या आकड्यांवरून तरी. पण ‘लहान आहे, वेळ द्या’ हे सगळीकडे मिळणारं उत्तरही मला पुरत नाही. वेळ दिलेल्या पोरांपैकी बरीचशी तशीच राहतात, हेही आपण बघितलंय. वेळ कोणाला द्यायचा हे ठरवायला हाताशी काहीतरी धरावं लागतं. मी पोरांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात मॅचचे व्हिडिओ पुढे-मागे करत बसतो. त्या सवयीतून मी काय धरतो, ते लिहितो.

आधी पॉइंट्सचा निकाल लावू. रुकीचे, म्हणजे पहिल्या वर्षीच्या खेळाडूचे, पॉइंट्स मुख्यतः एवढंच सांगतात की टीमनं त्याला किती शॉट मारू दिले. वरचा नंबर मिळतो तो हरणाऱ्या टीमला. २०१९ मध्ये तळाच्या तिन्ही टीमना पहिल्या नंबरची संधी प्रत्येकी १४ टक्के झाली. म्हणजे हा मुलगा जिथे जाऊन पडतो तिथे बहुतेक वेळा धड सीनियर नसतात, धड शूटर नसतात, आणि चेंडू कोणाच्या तरी हातात द्यायचाच असतो. अशा टीमकडून खेळून सोळा-अठरा पॉइंट्स काढणं वाटतं तेवढं अवघड नाही.

टायरीक इव्हान्स आठवा. २००९ मध्ये सॅक्रामेंटोनं त्याला चौथ्या नंबरला घेतलं. पहिल्याच वर्षी २०.१ पॉइंट्स, ५.३ रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणं), ५.८ असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास). रुकी ऑफ द इयर झाला, सगळीकडे उदो उदो. पुढे बरीच वर्षं खेळला, पण वीस पॉइंट्सची सरासरी त्याला परत कधी गाठता आली नाही. त्याच ड्राफ्टमधला सातव्या नंबरचा स्टीफन करी पहिल्या वर्षी १७.५ वर होता. फरक तेव्हाच दिसत होता: इव्हान्स थ्रीवर, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारायच्या तीन पॉइंट्सच्या शॉटवर, २५.५ टक्के, करी ४३.७. इव्हान्सचा सगळा कारभार खांद्याच्या जोरावर आत घुसण्याचा. डिफेन्डर दोन पावलं मागे उभे राहायला लागले की अशा खेळाडूचा रस्ता अरुंद होतो आणि दुसरा रस्ता त्याच्याकडे नसतो.

म्हणून मी पॉइंट्सऐवजी आधी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, बघतो. लोकांना हसू येतं, पण त्याला कारण आहे. कॉलेजचा थ्री आणि एनबीएचा थ्री एकच नाही. कॉलेजची रेषा आता ६.७५ मीटरवर आहे, एनबीएची वरच्या बाजूला ७.२४ मीटरवर. शिवाय कॉलेजच्या एका हंगामात मुलगा शे-दोनशे थ्री मारतो. एवढ्याशा भांडवलावर टक्केवारी कशीही हलते, दोन बऱ्या रात्री गेल्या तरी चित्र पालटतं. फ्री थ्रोला समोर डिफेन्डर नाही, अंतर तेच, वेळ भरपूर. तिथे फक्त हात दिसतो.

२०१७ चा ड्राफ्ट यासाठी फार उपयोगी आहे. पहिला मार्केल फुल्ट्झ, दुसरा लॉन्झो बॉल, तिसरा जेसन टेटम. कॉलेजमध्ये थ्रीची टक्केवारी अनुक्रमे ४१.३, ४१.२ आणि ३४.२. नुसतं हे वाचलं तर टेटम तिघांत सगळ्यात कच्चा शूटर. आता फ्री थ्रो बघा: ६४.९, ६७.३ आणि ८४.९. एनबीएच्या पहिल्या हंगामात लॉन्झो थ्रीवर ३०.५ आणि फ्री थ्रोवर चक्क ४५.१ टक्के गेला. टेटम थ्रीवर ४३.४ टक्के. बॉस्टनकडे पहिला नंबर होता, तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला आणि वर पुढच्या ड्राफ्टमधली आणखी एक निवड पदरात पाडून घेतली. त्या सौद्याची चर्चा अजून चालते.

अर्थात हा काही रामबाण नाही. फुल्ट्झच्या खांद्याचं दुखणं वेगळंच होतं. डिसेंबर २०१८ मध्ये ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’, म्हणजे मान-खांद्याच्या मधल्या नसा दबण्याचा आजार, निदान झालं. तोवर लोक त्याच्या मनावर आणि हिमतीवर बोलून मोकळे झाले होते. टेटमलाही टीम तयार मिळाली. बाजूला कायरी अर्व्हिंग आणि अल हॉरफर्ड असले की शॉट मोकळे मिळतात. आणि लॉन्झोनं नंतर डोक्याच्या डावीकडून सुटणारा तो विचित्र शॉट पार मोडून नव्यानं बसवला आणि २०१९-२० मध्ये थ्रीवर ३७.५ टक्क्यांपर्यंत आला. हात सुधारतो. पण ज्याचा हात आधीच चांगला आहे आणि फक्त टक्केवारी वाईट आहे, त्याच्यासाठी थांबायला मी लगेच तयार होतो. ज्याचा हातच बसवायचा आहे, त्याच्यासाठी दोन-तीन उन्हाळे धरून चालतो.

आता चुकांकडे येतो. माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते इथेच, आणि इथेच कोणी बघत नाही.

बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, सगळे टर्नओव्हर (चेंडू गमावणं) एकाच रकान्यात पडतात. प्रत्यक्षात त्यांच्या दोन जाती असतात. एक, मुलानं बघितलं पण उशीर झाला. दुसरी, त्यानं बघितलंच नाही. पहिली जात वयानं आणि सवयीनं जाते. दुसरी बहुतेक वेळा जात नाही.

पिक अँड रोल ही दोघांची चाल घ्या. गार्ड, म्हणजे चेंडू सांभाळणारा खेळाडू, चेंडू घेऊन वर उभा आहे. आपला बिग, म्हणजे उंच खेळाडू, येऊन गार्डच्या डिफेन्डरची वाट अडवतो (स्क्रीन लावतो), गार्ड त्याच्या खांद्याला घासून बाहेर पडतो. समोरचा बिग मागे सरकून रिमपाशी, म्हणजे बास्केटच्या रिंगपाशी, थांबतो. आपला बिग वळून रिमकडे धावतो. त्याला थोपवायला पलीकडच्या कोपऱ्यातला डिफेन्डर आत एक पाऊल टाकतो. सगळा खेळ त्या एका पावलाचा आहे. पाऊल पडून गेल्यावर कोपऱ्यात पास दिला तर डिफेन्डर परत शूटरपर्यंत पोचतो, किंवा हात लांबवून पास हवेतच काढतो. पाऊल पडणार हे ओळखून, ते पडता पडता दिला तर शूटर मोकळा. कॉलेजमध्ये उशिरा दिलेला पासही पोचतो, कारण तिथले हात आखूड आणि पाय हळू. एनबीएत तोच पास समोरच्याला फुकटची बास्केट मिळवून देतो.

तर व्हिडिओ त्या पावलावर थांबवा आणि चेंडूकडे न बघता मुलाच्या मानेकडे बघा. मान कोपऱ्याकडे वळलेली आहे आणि पास अर्ध्या सेकंदानं उशिरा सुटून कापला गेला, तर तो टर्नओव्हर मी जमेच्या बाजूला धरतो. मान खाली आहे, नजर फक्त आपल्या डिफेन्डरवर आणि रिमवर, तर बास्केट झाली तरी मी खूश नसतो. आपल्याकडे या मॅच पहाटे-सकाळी लागतात. ऑफिसच्या गडबडीत फोनवर स्कोअर बघून पुढे जाणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, आणि रात्री तीच माणसं ग्रुपवर सगळ्यात ठाम असतात.

यात आणखी एक गोष्ट जोडा: तारीख. नोव्हेंबरमधली चूक मार्चमध्ये तशीच्या तशी होते आहे का? चुका कमी झाल्या पाहिजेत असं मी म्हणत नाही. चुका बदलल्या पाहिजेत. आधी पास उशिरा देत होता, आता घाईनं देतोय, हे मला चालतं. त्याला दिसायला लागलंय, फक्त वेळ साधायची राहिली आहे.

केड कनिंगहॅमचं सगळं प्रकरण या एका मुद्द्यावर उभं आहे. २०२१ चा पहिला नंबर, डेट्रॉइट. घोटा दुखावल्यानं सुरुवातीच्या मॅच हुकल्या, आणि आला तेव्हा पहिल्या मॅचमध्ये आठातला एक शॉट पडून दोन पॉइंट्स. हंगामाअखेर १७.४ पॉइंट्स, ५.६ असिस्ट, शूटिंग ४१.६ टक्के, थ्री ३१.४, टर्नओव्हर ३.७. टीम २३ जिंकली, ५९ हरली. त्याच वर्षी चौथ्या नंबरचा स्कॉटी बार्न्स रुकी ऑफ द इयर झाला आणि तिसऱ्या नंबरचा इव्हान मोबली डिफेन्समध्ये सगळ्यांच्या नजरेत भरला. ‘पहिल्या नंबरवर चुकीचा मुलगा घेतला’ ही ओरड तेव्हापासूनची.

पण फ्री थ्रो? ८४.५ टक्के. कॉलेजमध्येही जवळपास तेवढेच. म्हणजे हात चांगला. आणि त्याची मान कधी खालीच नसायची. पास जायचा कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातला माणूस चुकवायचा. ज्याला पास दिला त्यानं शॉट चुकवला की असिस्ट मिळत नाही आणि चांगला पास हिशोबातूनच गायब होतो. वर तो चेंडू घेऊन आत घुसायचा तेव्हा तिथे गर्दी, कारण बाहेरच्या कोणाला कोणी भीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, ऑपरेशन, जेमतेम १२ मॅच. तिसऱ्या वर्षी, २०२३-२४ ला, २२.७ पॉइंट्स आणि ७.५ असिस्ट, पण टीमनं लागोपाठ २८ मॅच हरून एकाच हंगामातल्या सलग पराभवांचा नवा विक्रम केला आणि शेवट झाला १४-६८ वर. तेव्हा ‘हरणाऱ्या टीमचे पोकळ आकडे’ असं त्याच्याबद्दल सर्रास बोललं जायचं. २०२४ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटनं त्याला जास्तीत जास्त रकमेचा पाच वर्षांचा करार दिला, तेव्हा बऱ्याच जणांनी डोक्याला हात लावला. त्याच उन्हाळ्यात त्यांनी टोबायस हॅरिस, मलिक बीस्ली आणि टिम हार्डवे ज्युनियर आणले, म्हणजे बाहेरून शॉट पाडणारी माणसं. कोचही बदलला, जे. बी. बिकरस्टाफ आला. पुढचा हंगाम ४४-३८. केड २६.१ पॉइंट्स, ९.१ असिस्ट, ऑल-स्टार, ऑल-एनबीए थर्ड टीम, म्हणजे लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम पंधरांत. टर्नओव्हर किती? ४.४. पहिल्या वर्षीपेक्षा जास्त! नुसता रकाना बघणाऱ्यानं याचा काय अर्थ लावायचा?

शरीराबद्दल थोडं. कॉलेजच्या मॅच चाळीस मिनिटांच्या, हंगामात तीसेक. एनबीएत अठ्ठेचाळीस मिनिटांच्या ८२. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचे पाय जानेवारीच्या आसपास जड होतात. हे ओळखायचं कसं? शॉट डावी-उजवीकडे जात नाहीत, आखूड पडतात, रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतात. हात तोच, खालून जोर येत नाही. अशा महिन्याभरावरून निकाल लावू नये. उलट तिथून पुढे कसा उठतो ते बघावं. अँथनी एडवर्ड्स २०२० चा पहिला नंबर. हंगामाच्या मधल्या ऑल-स्टार सुट्टीपर्यंत त्याचं शूटिंग ३७ टक्क्यांच्या आसपास होतं, नंतर ४५ च्या वर. हंगामाची सरासरी ४१.७ दिसते आणि मधली चढण त्यात बुडून जाते. म्हणून मी रुकी हंगामाचे दोन भाग करून दुसरा भागच जास्त मनावर घेतो.

पण जिथे शरीराला आणि खेळाला जागाच सापडत नाही, तिथे लवकर कळतं हेही खरं. २०१३ चा पहिला नंबर अँथनी बेनेट. ड्राफ्टच्या आधी खांद्याचं ऑपरेशन, त्यामुळे तयारीविना आला, पहिल्या चार मॅचमध्ये एकही बास्केट नाही. तेवढ्यावर मी काही म्हणालो नसतो. अडचण अशी की हा पोरगा डिफेन्समध्ये कोणाला धरणार याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मोठ्यांपुढे कमी, छोट्यांपुढे जड. अटॅकमध्येही एक गोष्ट अशी नव्हती की जी रोज होईल. हंगामाअखेर ४.२ पॉइंट्स, आणि त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलंडनं केव्हिन लव्हच्या सौद्यात त्याला मिनेसोटाला देऊन टाकलं. मला रुकीकडून एक तरी गोष्ट हवी असते जी वाईट रात्रीही सोबत येते. मोबलीकडे ती होती: शॉट पडो न पडो, रिमपाशी त्याचा हात पोचायचा. दुसऱ्याच वर्षी ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीम आणि २०२५ ला डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर.

बिग मुलांबाबत एकच भर घालतो. चुकीच्या घरी पडले तर ते गार्डपेक्षा लवकर वाया जातात. जेम्स वाइजमन कॉलेजच्या फक्त तीन मॅच खेळून २०२० ला दुसऱ्या नंबरला गोल्डन स्टेटकडे गेला. स्टीफन करी आणि ड्रेमंड ग्रीनच्या त्या टीममध्ये सगळं न बोलता, नजरेनं चालतं. ज्यानं मॅचच खेळलेल्या नाहीत त्याला तिथे पोहायला शिकवायला कोणाला वेळ होता? गुडघ्यातला मेनिस्कस फाटला, दुसरा अख्खा हंगाम गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला सौद्यात डेट्रॉइटला देऊन टाकलं. त्याच्या चुका ‘बघितलंच नाही’ जातीच्या होत्या हे मान्य, पण त्याला बघायला मॅच मिळाल्याच कुठे?

टीमच्या मनात काय आहे हे पत्रकार परिषदेत कळत नाही. पहिल्या फेरीतल्या मुलाचा करार चार वर्षांचा असतो. त्यातली शेवटची दोन टीमच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होता होता, ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो, म्हणजे एवढ्याशा पुराव्यावर. वरच्या नंबरच्या मुलाला तो बहुतेक मिळतोच, त्यामुळे त्यावर फटाके फोडू नका. बघायचं ते हे की टीम त्याच्या बाजूला कोणाला आणते. डेट्रॉइटनं केडच्या बाजूला शूटर आणले. पोर्टलंडनं २०२५ च्या उन्हाळ्यात जरू हॉलिडेला आणलं आणि डेमियन लिलार्डलाही परत बोलावलं. दोघेही गार्ड, दोघेही हेंडरसनच्याच जागेवरचे. लिलार्ड तेव्हा टाचेवरच्या अकिलीस शिरेच्या दुखापतीतून बरा होत होता, म्हणजे लगेच खेळणार नव्हता, आणि असे दोन गुरुजी मिळणं वाईट नाही. पण ‘चेंडू डोळे झाकून याच्या हाती देतो’ असं म्हणणारी टीम हे करत नाही.

आता स्कूटवर माझं मत, त्याच्या पहिल्या दोन हंगामांपुरतं.

तो ड्राफ्ट झाला तेव्हा १९ वर्षांचा. कॉलेजला न जाता एनबीएच्या खालच्या लीगमधल्या जी लीग इग्नाइट या टीमकडून दोन वर्षं खेळून आलेला, पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा. ही सगळ्यात उशिरा पिकणारी जागा, कारण बाकीच्या चौघांचं गणित त्यालाच करावं लागतं. पहिल्या वर्षी शूटिंग खरोखर वाईट होतं. थ्री आणि फ्री थ्रोचं वजन धरून काढलेली टक्केवारी पन्नाशीच्या जरा आत, जिथे लीगची सरासरी सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या घरात असते. हे मी झाकत नाही. दुसऱ्या वर्षी पॉइंट्स कमी झाले ते बऱ्याचदा बेंचवरून आल्यामुळे, मिनिटं कमी झाल्यामुळे. त्याच वर्षी शूटिंग ३८.५ वरून ४१.९ वर आणि थ्री ३२.५ वरून ३५.४ वर गेलं. पोर्टलंडही २१ विजयांवरून ३६ वर आलं. म्हणजे प्रश्नात ज्याला घसरण म्हटलंय तो मला त्याचा सुधारलेला हंगाम वाटतो.

मला खटकतं ते वेगळंच. एवढा ताकदीचा, एवढ्या पहिल्या पावलाचा मुलगा, आणि तो फ्री थ्रो लाइनवर फारसा जातच नाही. रिमपर्यंत पोचण्याआधी तो थांबून मधल्या अंतरावरून शॉट घेतो. समोरच्यांना नेमकं तेच हवं असतं. शिवाय फ्री थ्रोची टक्केवारी पहिल्या वर्षीच्या ८१.९ वरून दुसऱ्या वर्षी ७६.७ झाली. त्यामुळे थ्रीमधली सुधारणा पक्की धरायला मी अजून तयार नाही. मान मात्र वर असते, बिगला उचलून दिलेले त्याचे पास नीट बघा.

म्हणून त्याला बस्ट म्हणणार नाही, आणि टीमचा पहिला माणूस होईल असंही आज म्हणणार नाही. चांगल्या टीममध्ये दोन स्कोअररच्या मधला, दोन्ही बाजूंनी खेळणारा स्टार्टर गार्ड, इथपर्यंत मी त्याच्यासोबत जायला तयार आहे. त्यापुढचं ठरवायला एकच गोष्ट बघेन: मॅचमागे फ्री थ्रो किती घेतो. ते पाचाच्या पुढे गेले, तर मला पुन्हा विचारा.